धागा: स्किझोफ्रेनिया नेमका कशामुळे होतो? रक्तातून, मेंदूतून की "घरच्यांमुळे"?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि भटकंतीच्या धाग्यांवर असते, आज जरा वेगळं विचारायचंय.

माझ्या धाकट्या दिराला स्किझोफ्रेनियाचं निदान झालंय. वय २४, अंबडला एका कंपनीत चिकटला होता. आधी शिफ्टला जाणं बंद, मग आंघोळ बंद, मग शेजारचे भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात असं म्हणायला लागला. आता गोळ्या चालू आहेत, आवाज बरेच कमी झालेत. उपचारांबद्दल तक्रार नाही. प्रश्न कारणाचा आहे, कारण घरात दर आठवड्याला नवं कारण निघतं. मावससासूबाईंच्या मते पितृदोष, त्र्यंबकला नारायण नागबळी करून टाका. नणंद म्हणते आईने लाडावून ठेवलं. काका म्हणतात मोबाइल. आणि सासूबाई गप्प बसून राहतात, तेच जास्त वाईट आहे.

यामागचं शरीरातलं, मेंदूतलं कारण आज कितपत कळलंय? आणि स्पष्टच विचारते, माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या रक्तात हे आलं असेल का?

जुना_सीबीएस
मोबाइल हे कारण असतं तर अख्खा कॉलेज रोड ॲडमिट करावा लागला असता. काकांना सांगा.
बाकी जाणकारांची वाट बघतोय.

झोपेचं_कर्ज
मी सायकियाट्रीत रेसिडेन्सी करतोय, आयडीवरून कळलं असेलच. ड्यूटी संपली म्हणून सविस्तर लिहितो.

आयुष्यभरात हा आजार होण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांत १०० मध्ये साधारण १. सख्ख्या भावंडाला असेल तर ९-१० टक्के, आईला किंवा वडलांना असेल तर त्याच्याच आसपास किंवा किंचित जास्त. दोघांनाही असेल तर ४० च्या घरात. जुळ्यांचा अभ्यास इथे फार कामाचा ठरला. एकसारख्या दिसणाऱ्या, म्हणजे एकाच बीजांडातून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल, तर दुसऱ्याला होण्याची शक्यता ४० ते ५० टक्के. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत ती १०-१५ टक्क्यांवर येते. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण जनुकं तंतोतंत सारखी असूनही निम्म्याहून जास्त वेळा दुसरा जुळा ठणठणीत राहतो, हेही त्यातच आलं.

आणि यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट: १९८९ साली डेन्मार्कमधल्या अशा जुळ्यांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजारी जुळ्याच्या मुलांना जेवढा धोका, जवळपास तेवढाच निरोगी जुळ्याच्याही मुलांना होता. म्हणजे तो दुसरा भाऊ जनुकं घेऊन फिरत होता, त्याच्यात ती फक्त उमटली नव्हती.

आता "स्किझोफ्रेनियाचं जनुक" असं एक काही नसतं. २०१४ मध्ये जनुकसंचातल्या या आजाराशी जोडलेल्या १०८ जागा सापडल्या, २०२२ मध्ये ती संख्या २८७ वर गेली. प्रत्येक जागेचा हातभार अगदी चिमूटभर. थोड्या घरांत मात्र एकच मोठा बदल असतो. २२ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असला (२२क्यू११ म्हणतात त्याला) तर साधारण चारातल्या एकाला पुढे असा आजार होतो. अशा मुलांना बहुतेकदा जन्मतः हृदयाचा दोष, टाळूचा दोष, कॅल्शियम कमी असलं काही असतं. दिराच्या बाबतीत असं काही असेल तर तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

सीमा_इंदिरानगर
वाचतेय. गोदाकाठ ताई, धीर धरा. आमच्याकडे चुलत बहिणीला आहे, गोळ्या घेऊन दोन मुलं सांभाळते, घरगुती पोळीभाजीचे डबे देते.

स्पष्टवक्ता
सगळं ठीक, पण मूळ मुद्दा राहतोच. सत्तर वर्षं "केमिकल लोचा" ऐकतोय आणि आजही रक्त तपासून हा आजार सांगता येत नाही. शुगर कळते, थायरॉइड कळतं, हे कळत नाही. मग डोपामिन वाढलं ही औषध कंपन्यांनी रचलेली कथा नसेल कशावरून?

औषधवाला_सिडको
स्पष्टवक्ता, कथा रचायला आधी औषध कसं चालतं ते तरी माहीत असावं लागतं ना. इथे गंमत उलटी आहे.

क्लोरप्रोमझिन हे पहिलं औषध शस्त्रक्रियेसाठी वापरात आलं. लाबोरी नावाच्या फ्रेंच सर्जनच्या लक्षात आलं की ते दिल्यावर रोगी शांत, बेफिकीर होतो. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये डले आणि डेनिकर या डॉक्टरांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि वर्षानुवर्षं आवाज ऐकणारी माणसं बोलायला लागली. का, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे हेच मुळी कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९५७ च्या सुमारास दाखवलं (त्याबद्दल २००० साली नोबेल). पुढे १९७५-७६ मध्ये टोरांटोत सीमन आणि बाल्टिमोरमध्ये स्नायडर यांच्या गटांनी मोजून दाखवलं की जे औषध डोपामिनच्या डी२ ग्राहीला (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची संदेश पकडणारी जागा) जितकं घट्ट चिकटतं तितका त्याचा डोस कमी लागतो. एका औषधापुरतं नाही, तेव्हाची एकूण एक औषधं त्या रेषेवर बसली.

उलट बाजूनेही पुरावा आहे. डोपामिन वाढवणारं ॲम्फेटामिन भरपूर घेतलं की चांगल्या माणसाला संशय यायला लागतात, आवाज येतात. पार्किन्सन्सच्या पेशंटला लेव्होडोपा जास्त झालं की त्याला खोलीत नसलेली माणसं दिसतात. काउंटरवर उभं राहून हे मी ऐकलंय: "आजोबा म्हणतात पलंगावर मुलं बसलीयेत."

वैद्य_म्हसरूळ
पॅरिसच्या आधी आपल्याकडचं सांगा की कुणीतरी. सर्पगंधा! गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग शोधनिबंधात मांडला होता. लोकांमध्ये तर ती वेडावरचं मूळ म्हणून आधीपासून प्रसिद्ध.

औषधवाला_सिडको
वैद्यबुवा, मान्य, आणि पुढचं ऐका, तुम्हाला आवडेल. सर्पगंधेतलं रेसरपिन १९५२ मध्ये वेगळं काढलं गेलं. कार्लसनने तेच सशांना दिलं. ससे ढिम्म पडले, कारण रेसरपिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. मग त्याने डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते, टोचलं आणि ससे पुन्हा हिंडायला लागले. म्हणजे डोपामिनची अख्खी कहाणी आपल्या मुळीवरून पुढे सरकली.

पण वाचणाऱ्यांनी हे वाचून सर्पगंधेचं चूर्ण आणू नये. रक्तदाब पडतो, मन खचतं, म्हणूनच या आजारासाठी ते मागे पडलं. चालू गोळ्यांबरोबर तर अजिबात नको.

वैद्य_म्हसरूळ
स्वतःच्या मनाने घेऊ नये, यावर एकमत.

स्पष्टवक्ता
ससे आवडले. तरी माझा आक्षेप अर्धा शिल्लक आहे. औषध जिथे लागू पडतं तिथेच आजाराचं मूळ असतं असं कुणी सांगितलं?

झोपेचं_कर्ज
कुणीच नाही, आणि हा आक्षेप चांगला आहे. आज बहुतेक अभ्यासक डोपामिनकडे शेवटचा टप्पा म्हणूनच बघतात. मेंदूतली रसायनं मोजणाऱ्या पेट स्कॅनमध्ये दिसतं की मेंदूच्या आत खोल, स्ट्रायटममध्ये, या रुग्णांत डोपामिन जास्त तयार होतं. त्यामुळे क्षुल्लक गोष्टींनाही अर्थ चिकटतो. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, तो माझ्यासाठीच. उलट कपाळामागच्या भागात त्याचं काम कमी पडत असावं, म्हणून उत्साह, बोलणं, आंघोळ, सगळं आटतं. गोदाकाठ ताई, दिराची आंघोळ आवाजांच्या आधी बंद झाली हे तुम्ही नीट टिपलंय. गोळ्यांनी आवाज जातात तितक्या सहज हे दुसरं जात नाही, ते त्यामुळेच. त्याला आळस म्हणू नका.

दुसरा संदेशवाहक ग्लुटामेट. केटामिन हे भुलीचं औषध त्याच्या एका ग्राहीला अडवतं आणि तेवढ्या वेळापुरतं आवाज-भास आणि तो आटलेपणा, दोन्ही येतं. ॲम्फेटामिनने फक्त पहिला भाग येतो. त्या ग्राहीवरच शरीराने हल्ला चढवला तर होणारा मेंदूदाह २००७ मध्ये ओळखला गेला. तो सुरुवातीला हुबेहूब स्किझोफ्रेनियासारखा दिसतो आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे. म्हणून अचानक सुरू झालं, ताप आहे, झटके आले, असं असलं तर आम्ही पाठीतलं पाणी तपासायला पाठवतो. घरचे चिडतात, पण ते लागतं.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एका अशा औषधाला मान्यता मिळाली की जे डोपामिनच्या ग्राहीला हातच लावत नाही, ॲसिटिलकोलिन या वेगळ्याच संदेशवाहकाच्या मस्करिनिक ग्राहींवरून काम करतं. म्हणजे वाट एकच नाही.

मुळाकडे जायचं तर मेंदूच्या घडणीकडे जावं लागतं. १९७६ मध्ये लंडनला सीटी स्कॅनवर दिसलं की या रुग्णांच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या आहेत. हा गटाचा सरासरी फरक, एकट्या माणसाचा स्कॅन बघून निदान होत नाही. आणि किशोरवयात मेंदू स्वतःच्या जोडण्या कापून कमी करतो, ते कापणं जास्त होत असावं ही कल्पना १९८२ ची. २०१६ मध्ये तिला मोठा आधार मिळाला: प्रतिकारशक्तीतलं सी४ नावाचं जनुक. त्याचे काही प्रकार असलेल्यांत हा आजार जास्त, आणि उंदरांत बघितलं तर सी४ चं काम जोडण्यांवर "ही काढा" अशी खूण करणं. आजार सोळा ते पंचविशीत का उफाळतो याचा थोडा उलगडा इथे होतो.

निफाडकर
डॉक्टर, हे कापणं आम्हाला सांगू नका, द्राक्षबागेत वर्षातून दोनदा करतो. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी. एक डोळा मागे कापलं की घड गेला. पोराच्या मेंदूची ऑक्टोबर छाटणी चुकली, असंच ना?

पिंपळगाव_बसवंत
छाटणी नाही हो दादा. छाटणीनंतर फेलफुटी काढतो, ते. बिनकामाच्या फुटी काढायच्या, घडाच्या ठेवायच्या. नवा मजूर लावला की तो घडाचीही मोडून टाकतो आणि आपल्याला कळतं महिन्याने.

झोपेचं_कर्ज
पिंपळगावकर, हे इतकं नेमकं आहे की मी लेक्चरला वापरणार. मेंदूतल्या त्या मजुराचं नाव मायक्रोग्लिया, साफसफाई करणाऱ्या पेशी. पण "चुकली" म्हणायला मी कचरतो. तिथे कात्री कुणाच्या हातात नसते.

जुना_सीबीएस
धागा बागेत शिरलाच आहे तर, यंदा भाव काय?

निफाडकर
भाव नका विचारू, व्यापारी पैसे देऊन गेला का ते विचारा.

ओझरकर
विषयावर येतो. गांजाने होतं म्हणतात. मग आमच्याकडे सिंहस्थात इतके साधू चिलीम ओढतात, त्यांना का होत नाही?

झोपेचं_कर्ज
ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना होत नाहीच. पण स्वीडनमध्ये सैन्यात भरतीला आलेल्या ४५,००० हून अधिक तरुणांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. १९८७ मध्ये आकडे आले: ज्यांनी भरतीपूर्वी पन्नासहून जास्त वेळा गांजा-चरस ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनिया सहापट. कोवळं वय, कडक माल आणि घरात आजार असणं, हे तिन्ही जुळलं की जास्त भीती. ज्या घरात रुग्ण आहे तिथल्या मुलांनी त्या वाटेला जाऊ नये, एवढं मी रोज सांगतो.

कोरडवाहू_येवला
माझा थोरला चुलता ७३ चा जन्म. त्याला हाच आजार होता. ७२ च्या दुष्काळाचा संबंध असेल? उपासमारीचं काहीतरी वाचलं होतं.

समुपदेशक_मी
तुम्ही वाचलंय ते नेदरलँड्सचं असणार. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली, माणशी रेशन दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली गेलं. त्या ऐन उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला त्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनिया दुप्पट दिसला. चीनमध्ये १९५९-६१ च्या दुष्काळानंतरही तसंच आढळलं. तिथे हे मोजता आलं कारण उपासमार कधी सुरू झाली, कधी संपली आणि कोण कधी जन्मलं हे सगळं नोंदलेलं होतं. आपल्याकडे ७२ ला हाल झाले, पण खडी फोडायची का होईना कामं निघाली, मिलो ज्वारी आली, सुकडी आली. एका चुलत्यावरून दुष्काळाला धरता येणार नाही.

याच यादीत बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणं, शहरात जन्म आणि वाढ (युरोपातल्या अभ्यासांत साधारण दुप्पट), लहानपणी मारहाण-छळ, परमुलखात उपरं होऊन राहणं हेही येतं. म्हणून "हे फक्त जैविक आहे" असं कुणी म्हटलं की मी हात वर करते. छळाचाही परिणाम शेवटी मेंदूवरच होतो.

झोपेचं_कर्ज
हे सगळं बरोबर. एक राहिलं, वडलांचं वय. जेरुसलेममधल्या जन्मनोंदींवरून २००१ मध्ये दिसलं की पन्नाशी ओलांडलेल्या वडलांच्या मुलांत, पंचविशीच्या आतल्या वडलांच्या मुलांच्या तुलनेत, प्रमाण जवळपास तिप्पट. वयाबरोबर शुक्रपेशींत नवे जनुकबदल साठत जातात, हे त्याचं एक स्पष्टीकरण.

निफाडकर
आमच्या गावात पस्तिशीची पोरं मुलगी बघत फिरतायत, शेतकरी नवरा नको म्हणून. आता हेही आम्हालाच का?

जुना_सीबीएस
निफाडकर, हा स्वतंत्र धागा काढा. शंभर प्रतिसादांची हमी.

झोपेचं_कर्ज
पस्तिशीला घाबरण्यासारखं काही नाही. एक टक्क्याचे तिप्पट केले तरी तीनच, आणि तेही पन्नाशीनंतर.

आजोबा_पंचवटी
मी बराच वेळ नुसता वाचत होतो. माझा मुलगा आज पन्नाशीला आला. अठराव्या वर्षी सुरू झालं त्याचं. तेव्हा आम्ही पहाटेच्या गाडीने ठाण्याला न्यायचो. एका मोठ्या डॉक्टरांनी माझ्यादेखत हिला विचारलं होतं, लहानपणी तुम्ही याला जवळ घेत होता की नाही? ही त्यानंतर कधी दवाखान्यात आली नाही. बाहेर बाकावर बसायची. गोदाकाठ बाळा, तुझ्या सासूबाई गप्प बसतात म्हणालीस म्हणून लिहिलं.

समुपदेशक_मी
आजोबा, त्या डॉक्टरांनी तो प्रश्न हवेतून काढला नव्हता, पुस्तकातून काढला होता. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आईच्या कोरड्या, नाकारणाऱ्या वागण्याकडे बोट दाखवलं आणि पुढची दोन-तीन दशकं जगभरच्या आयांनी ते भोगलं.

ते कसं पडलं तेही सांगते. १९६६ मध्ये हेस्टन या अमेरिकन डॉक्टरने ओरेगनमधल्या ४७ मुलांचा माग काढला. या मुलांच्या आयांना स्किझोफ्रेनिया होता आणि मुलं जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आत आईपासून दूर नेली होती. मोठेपणी ४७ पैकी ५ जणांना हा आजार झाला. तशीच दूर वाढलेली, पण निरोगी आयांची ५० मुलं बघितली, त्यांत एकालाही नाही. ज्या आईने त्यांना वाढवलंच नाही तिच्या वागण्याने ते कसं होईल? डेन्मार्कमध्ये दत्तक मुलांच्या सरकारी नोंदींवरूनही हेच निघालं.

घरातल्या वातावरणाने फरक पडतो तो पुढे. सतत टोमणे, सतत पाळत असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं. तो आजार सांभाळण्याचा भाग झाला.

सीमा_इंदिरानगर
आजोबा 🙏

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. समुपदेशक, हेस्टनचा भाग सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "मग त्या पोरांना सांभाळलं कुणी?"

आणि डॉक्टर, मुलीचं राहिलं.

समुपदेशक_मी
कुणी अनाथालयात वाढली, कुणी नातेवाइकांकडे, कुणी दत्तक गेली.

झोपेचं_कर्ज
राहिलं खरं. सख्ख्या काकाला आजार असेल तर पुतणीला धोका साधारण २ ते ४ टक्के. म्हणजे १०० पैकी ९६ वर मुलींना काही होत नाही. जनुकं तपासून "होईल की नाही" सांगणारी चाचणी आज नाही. कुणी पॅकेज विकायला आलं तर पैसे घालवू नका. चार वर्षांच्या मुलीवर पाळत ठेवायची गरज नाही. कॉलेजच्या वयात अभ्यास, झोप, मित्रमैत्रिणी एकदम तुटायला लागलं तर लवकर दाखवा आणि नशेपासून लांब ठेवा, बस्स.

स्पष्टवक्ता
आणि पितृदोष?

आजोबा_पंचवटी
आम्ही केली पूजा. तीन दिवसांची. हिच्या मनाला बरं वाटलं, मी आड आलो नाही. पण कुणीतरी सांगितलं की आता गोळ्यांची गरज नाही, आणि आम्ही थांबवल्या. महिनाभर चांगला होता. मग एके रात्री गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, सापडला, अनवाणी. पूजा करायची त्याने करावी बाळा, गोळीचा डबा देवघराशेजारीच ठेवावा.

स्पष्टवक्ता
यावर मी काही बोलत नाही.

ओझरकर
रात्री-बेरात्री कुणाला विचारायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट. मराठीत बोलतात.

सीमा_इंदिरानगर
एक प्रश्न. बहिणीचं वजन गोळ्यांमुळे फार वाढलंय. हे पण मेंदूतूनच का?

औषधवाला_सिडको
बरंचसं भुकेतून. ओलान्झापिन, क्लोझापिनमध्ये जास्त. शुगर, कोलेस्टेरॉल, वजन आणि कमरेचं माप ठरावीक काळाने बघायला हवं. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना बदलून मिळेल का विचारा.

आजोबा_पंचवटी
आमच्या मुलाला क्लोझापिनच आहे. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचे, आता महिन्याने. तो बिड्या फार ओढतो. सोडव म्हणून मागे लागलोय.

औषधवाला_सिडको
पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून ते रक्त तपासतात, चुकवू नका. आणि आजोबा, महत्त्वाचं: धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर निकालात काढतं. बिडी एकदम सुटली की रक्तातलं औषध वाढतं, गुंगी येते, फिट येऊ शकते. सोडवाच, पण आधी डॉक्टरांना सांगा, ते डोस बघतील.

आजोबा_पंचवटी
हे कुणी सांगितलं नव्हतं. मंगळवारी जाणारच आहोत, विचारतो.